पहिल्याच कपात चमचा

चमचा कपात ठेवल्याचा आवाज तो केवढा, पण हाबोच्या चहाच्या दुकानामागच्या खोलीत तो दोघांनीही ऐकला. हाबो दुसरा कप ओतायला किटली घेऊन वाकला होता, तो तसाच अर्धवट थांबला. टोम्माने आधी चमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा हळूच टेबलाखाली मांडीवर नेऊन ठेवला. चमचा बशीत असायला हवा होता. इथे चहा ढवळत नाहीत, त्यामुळे चमच्याला काम एकच. तो कपात ठेवला की पुरे. आणि लेअर गावात तीन कपांच्या आत पुरे म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. पोरं हे चालायला लागायच्या आधी शिकतात. टोम्माची साठी उलटली होती. आजवर तिने कुणाकडे, अगदी जिच्याशी कधी पटलं नाही त्या नणंदेकडेसुद्धा, दुसऱ्या कपात चमचा ठेवला नव्हता. इथे तर पहिलाच कप होता, आणि समोर हाबो होता.

"बरं वाटत नाहीये का?" हाबोने विचारलं. त्याने वाट दाखवून दिली होती. आजारी माणसाला एक कप माफ असतो. टोम्माने नुसतं हो म्हणायचं होतं, फार तर थोडं खोकायचं होतं. पण चहाच्या टेबलावर खोटं बोलायचं नाही ही तिची जुनी खोड, ती नेमकी नको तिथे उपटली.

"नाही हो, ठणठणीत आहे मी," ती म्हणाली.

"बरं," हाबो म्हणाला. त्याने किटली परत छोट्या शेगडीवर ठेवली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं वाकून खालची मेणबत्तीही विझवली.

गेली काही वर्षं हे गुरुवारचं चाललं होतं. दुपारी हाबो पुढच्या दाराला 'आलोच' अशी पाटी अडकवायचा, मागच्या खोलीत एखादं नवं मिश्रण उकळत्या पाण्यात पडायचं, टोम्मा तीन कप प्यायची, आणि रविवारी घरोघर फुकट पडणाऱ्या वर्तमानपत्रात, निधनाच्या चौकटी आणि जुन्या सायकलींच्या जाहिराती यांच्या मधल्या जागेत, 'या आठवड्याचा चहा' छापून यायचा. दाताच्या डॉक्टरकडे आयुष्यभर लोकांना 'बसा, बोलावतील' असं सांगत बसलेल्या बाईने निवृत्त झाल्यावर हा उद्योग काढला, तेव्हा गावाने नाक मुरडलं होतं. या भागात चहा म्हणजे काळा, कडक, तळाशी खडीसाखर आणि वर साय. फुलं, फळं, व्हॅनिला, दालचिनी असलं काही घातलेल्या चहाला टोम्माची आई चहा म्हणतच नसे. कुणी भेट दिलेला तसला एक डबा तिने हुंगून पाहिला होता आणि विचारलं होतं, "यात पाय बुडवायचे की पायऱ्या धुवायच्या?" पण हाबोच्या मागच्या खणांमधले ते वासाचे चहा संपत मात्र होते. विकत घेणारी प्रत्येक बाई 'पाहुण्यांसाठी' म्हणून घ्यायची, आणि गावात एवढे पाहुणे येतात कुठून हे कुणी विचारत नसे. टोम्मा एवढंच करायची, की सगळे चोरून पितात त्याबद्दल उघड लिहायची. तिचे नियम कडक होते. पहिला कप कोरा. दुसरा खडीसाखर आणि साय घालून. तिसरा गप्प राहून. तिसरा कप झाल्याशिवाय चहाबद्दल बरंवाईट बोलायचं नाही, हाबोने भुवया कितीही उंचावल्या तरी. आत काय काय घातलंय ते तो सांगायचा नाही. ते तिने ओळखायचं, आणि बहुतेक वेळा ती ओळखायची.

आजच्या पुडीवर नाव नव्हतं. "नाव तुम्ही द्या," हाबो म्हणाला होता, आणि पुडी तिच्या पिशवीत आधीच टाकली होती, जे तो एरवी शेवटी करायचा. दाढी नीट घोटलेली होती. टेबलावर इस्त्रीचं कापड होतं. हे सगळं टोम्माने पाहिलं होतं, पाहिलं आणि बाजूला ठेवलं होतं, कारण अशा गोष्टींची दखल घेतली की त्यांचं काहीतरी करावं लागतं. आता धक्क्यावरून सायकल हातात धरून चालताना ती स्वतःवर चिडली होती, पण चिडण्यापेक्षाही तिला नवल वाटत होतं. चहा वाईट नव्हता. वाईट असता तर तिने तिन्ही कप पिऊन तो वाईट आहे असं लिहिलं असतं, तसं तिने पूर्वी केलंही होतं, आणि हाबोने ते कात्रण दुकानात लावलं होतं. मग झालं काय? पहिला घोट घेतला तेव्हा जिभेवर काही आलंच नव्हतं. जे आलं ते मानेवर. खांदे खाली आले होते. पायातले बूट नकोसे झाले होते. दिवसभराचं काम आटोपून आता कुणाशी बोलायचं नाही असं असतं तेव्हाचा एक थकवा, त्रास न देणारा, तो पोटातून वर आला होता, आणि मग बाकीचा कप कसा संपला तेच तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो थेट चमच्याचा आवाज. इतक्या वर्षांत आपला हात आपल्याला न विचारता काही करतो हे तिला माहीत नव्हतं. बंदरातल्या पाण्यावर वारा उलटा चालला होता, एका नावेवर कुणीतरी डबा ठोकत होतं, आणि टोम्मा दोनदा थांबून हाताचा पंजा उघडून बघत राहिली.

घरी आल्यावर तिने कोटही न काढता पाणी ठेवलं. किटली गरम करून घेतली, पुडीतली पत्ती नाकाशी धरली. काही नाही. पाणी ओतलं, थांबली, कप भरला, घोट घेतला. गरम होता, कडक होता, बस्स. मागे काहीच नाही. फळ नाही, फूल नाही, मसाला नाही. पत्ती टाकायची राहिली की काय म्हणून तिने झाकण उघडून पाहिलं. पुन्हा घोट घेतला, या वेळी कपात नाक घालून, डोळे मिटून. साधा काळा चहा, तोही जरा कंटाळलेला. तिच्या मनात पाल चुकचुकली. नाक गेलं का? ओळखीतल्या एका बाईचं तापानंतर गेलं होतं; ती स्वयंपाकघरात गॅसच्या वासाला घाबरून खिडक्या उघड्या ठेवून बसायची. टोम्माने कपाट उघडून जुन्या पुड्या ओळीने काढल्या आणि वाट्यांमध्ये थोडा थोडा चहा केला. पुदिना कळला. संत्र्याची साल कळली. गुलाब कळला, आणि तो गेल्या वर्षीचा आणि शिळा आहे हेही कळलं. नाक शाबूत होतं. फक्त हा एक चहा होता, जो हाबोच्या खोलीत तिच्या मानेवर हात ठेवून गेला होता, आणि तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तोंड उघडायला तयार नव्हता. असलं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने पाणी बदललं. भांडं बदललं. शेवटी कप घेऊन मागच्या अंगणात गेली, तर तिथे वाऱ्याने वाफच पळवली, आणि कप गार झाला.

उब्बो असता तर त्याने डोकं चालवलं असतं. टोम्माचा नवरा नदीवरच्या पाण्याच्या दारांवर कामाला होता. पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडतं एवढाच विचार त्याने आयुष्यभर केला, आणि घरातल्या प्रत्येक अडचणीलाही तो तेच लावायचा. "घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघ," असं म्हणत तो तासन्‌तास नळाखाली, दिव्याखाली, एकदा तर मुलीच्या गणिताच्या वहीवर वाकून बसायचा. सुट्टीच्या दिवशी मागच्या शेडमध्ये वाम मासे धुरावर टांगायचा आणि आत येऊन ओल्या हातांनी चहा मागायचा. तीन कप. तिसऱ्याला बोलणं थांबायचं. भांडण असलं तरी ते तिसऱ्या कपाच्या पलीकडे जायचं नाही असा त्यांचा न ठरवलेला करार होता, त्यामुळे काही भांडणं दोघांनी घाईघाईने दुसऱ्या कपातच उरकली होती. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. टोम्मा त्याच्यासाठी रडत बसायची असं नाही. ती नीट जगत होती, सायकल चालवत होती, रविवारच्या पत्रात लिहीत होती. फक्त काही गोष्टी त्याच्याशिवाय कुणाला सांगाव्या हे तिला सुचत नसे, आणि मुका होणारा चहा ही तसली गोष्ट होती. दुसरा माणूस होता तो हाबो. त्याला विचारायला जाण्याची तर आता सोय राहिली नव्हती.

लेख शुक्रवारी द्यायचा होता. शनिवारी ती मुलीकडे ब्रेमेनला जाणार होती. तिसरा कप झाल्याशिवाय लिहायचं नाही हा नियम तिला आठवला, पण घरी मिळून तिने तीन काय दहा कप केले होते, तेव्हा तो पाळला गेला अशी तिने स्वतःची समजूत घातली. जे झालं ते तिने लिहिलं. या आठवड्याच्या चहाला नाव नाही, आणि खरं सांगायचं तर चवही नाही. दुकानात तो काहीतरी पुटपुटतो आणि घरी आणला की मुका होतो. मी पहिल्याच कपात चमचा ठेवला. शेवटचं वाक्य तिने एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते खरं होतं, आणि जरा झणझणीतही होतं, आणि झणझणीत वाक्य टाकून द्यायचं कुठल्याही लिहिणाऱ्याच्या जिवावर येतं. लेख पाठवून दिल्यावर तिला बरं वाटलं, आणि मग झोपेपर्यंत कसलीतरी चुटपुट लागून राहिली.

ब्रेमेनचं घर चौथ्या मजल्यावर होतं. मुलीचं नाव स्वांट्ये. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बूट काढायला लावायची. दार उघडताच टोम्माला तो वास आला, मुलीच्या घराचा: कपडे धुण्याची पावडर, कालचा परतलेला कांदा, जिन्यातलं रबर, आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्याचं काहीतरी. काही क्षण तो होता आणि मग विरला, दर वेळी विरायचा तसा. टोम्माला लहानपण आठवलं. तेव्हा ती वासावरून घरं ओळखायची. शेजारच्या राइम्ट्सांकडे ओल्या कुत्र्याचा आणि जामचा. पाद्रीबुवांकडे थंड सुपाचा. मावशीकडे असा काही गोड वास, की तिथे गेलं की पोटात दुखायचं. एकदा तिने आईला विचारलं होतं, "आपल्या घराला कसला वास येतो?" आई पीठ मळत होती. "आपल्या घराला वास नाही," आई म्हणाली, "आपण स्वच्छ माणसं आहोत." कितीतरी वर्षं टोम्मा हे खरं मानून होती. गावातल्या सगळ्या घरांना वास आणि त्यांच्या एकट्या घराला नाही, याचा तिला अभिमानच वाटायचा. आता मुलीच्या स्वयंपाकघरात पिशवीतून पुडी काढताना ती स्वतःशीच हसली, पण त्या हसण्याचा आणि पुडीचा काही संबंध असेल हे अजून तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

चहा तिने केला. आणि पहिल्याच घोटाला तो बोलला. इथे, चौथ्या मजल्यावर, कांद्याच्या आणि पावडरीच्या वासात तो सरळ तिच्याकडे आला. मान, खांदे, बूट नसलेली पावलं. टोम्माने श्वास धरला. फळ होतं, पण ताजं नाही. धूर होता, फार लांबून आलेला. काहीतरी पिवळं होतं, गुळगुळीत. तिने प्रत्येकाला नाव द्यायचा प्रयत्न केला, आणि नाव जवळ आलं की ते मागे सरकायचं, जसं आपल्याच घरातलं कपाट कुणी रस्त्यावर ठेवलं तर पटकन ओळखू येत नाही. ती इतकी आत गेली होती की मुलीच्या आवाजाने दचकली.

"आई, एकच?"

चमचा कपात होता. टोम्माने तो बघितला. "हे बघ, पुन्हा," ती म्हणाली. "मी ठेवला नाही. म्हणजे ठेवला मीच, पण..."

"अगं, मग काय झालं? तू घरी तेच करतेस."

"काय करते?"

"एक कप घेतेस आणि चमचा ठेवतेस. मी येते तेव्हा बघते ना. मला ओततेस तीन-तीन, आणि तुझा चमचा पहिल्यालाच आत." स्वांट्येने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा सूर उतरला. "बाबा गेल्यापासून. मला वाटलं तुला माहीत आहे."

टोम्माला माहीत नव्हतं. रोज सकाळी, रोज दुपारी, समोरच्या रिकाम्या खुर्चीसमोर ती कपात चमचा ठेवत होती, पुरे म्हणत होती, आणि ओतणारं तिथे कुणीही नव्हतं. कुणाला सांगत होते मी, तिने स्वतःला विचारलं. तिला वाईट वाटलं, अगदी सरळ, जसं दुसऱ्या एखाद्या बाईबद्दल कळलं असतं तर वाटलं असतं. मुलीने तिचा हात धरला, आणि थोड्या वेळाने दोघींनी उठून बटाटे सोलायला घेतले.

रविवारी संध्याकाळी ती परत आली. रविवारचं पत्र दारातल्या पेटीतून अर्धं बाहेर लोंबत होतं. ते काखेत धरून तिने कुलूप काढलं, दार ढकललं, आणि उंबऱ्यावरच थांबली. आतून तो चहा आला. कपाटावर ओळीने ठेवलेली बिहीची पिवळी, सफरचंदासारखी फळं, दर शरदात ती ठेवायची ती, कच्ची खाता येत नाहीत आणि टाकवत नाहीत अशी. फरशीवरचं मेण. शहाजिऱ्याचा पाव. आणि त्या सगळ्याच्या मागे, खुंटीवरच्या उब्बोच्या रेनकोटातून, शेडच्या दारातून, भिंतीतून, वाम माशांचा जुना धूर. बंद घराने दोन दिवस हे साठवून ठेवलं होतं आणि आता एकदम तिच्या अंगावर सोडलं. दोन-तीन श्वास तो राहिला. मग तो विरला आणि घराला पुन्हा कसलाच वास उरला नाही. टोम्माने दार लावलं, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, दिव्याच्या खांबाला हात लावून परत आली आणि दार उघडलं. होता, पण कमी. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. समोरच्या घराचा पडदा हलला. शेजारीण बघत असणार, आणि उद्या गावाला आणखी एक गोष्ट मिळणार. टोम्माने पर्वा केली नाही. जन्मभर जे कळत नव्हतं ते हाताशी आलं होतं, आणि तिला लहानपणीसारखी अधाशी उत्सुकता लागली होती.

मग ती कोट घालूनच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि उरलेलं एकेक करून तिच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी याच दिवसांत तिला ताप आला होता. त्या गुरुवारी ती गेली नाही, म्हणून हाबो पुडी घेऊन आला होता. दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं इथे होत नाही, पण तिने ताप लागेल म्हणून त्याला आत घेतलं नव्हतं, आणि खरं म्हणजे ताप नसता तरी घेतलं असतं की नाही कोण जाणे. उब्बोनंतर त्या स्वयंपाकघरात मुलीशिवाय कुणी बसलं नव्हतं. हाबो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. हवेबद्दल बोलला. मग बोलायचं संपलं तरी थोडा वेळ उभाच होता, आणि तिला वाटलं होतं, याला जायचं कसं ते सुचत नाहीये. तो हुंगत होता. तेवढ्या वेळात दारातून जे बाहेर आलं ते त्याने नेलं, आणि कधीतरी खणांमधून काढून पुन्हा जुळवलं, इस्त्रीचं कापड घातलं, दाढी केली आणि म्हणाला नाव तुम्ही द्या. आणि तिच्या हाताला वाटलं घर आलं. घरी जे करायचं ते हाताने केलं.

तिने काखेतलं पत्र टेबलावर पसरलं. निधनाच्या चौकटींखाली ते वाक्य होतं, छापल्यावर जास्तच झणझणीत दिसणारं. आता ते गावात प्रत्येक टेबलावर होतं. हाबोच्याही. गुरुवार गेला तर आपल्या आठवड्यात उरतं काय, हा प्रश्न तिने आजवर स्वतःला पडू दिला नव्हता. तो आता पडला, आणि त्याचं उत्तर तिला लगेच आलं.

सोमवारी ती गेली तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक होतं, बेकरीवाल्याची बायको, पाहुण्यांसाठी दालचिनीचा चहा घेणारी. "काय गं टोम्मा," ती म्हणाली, "पहिल्याच कपात? बिचाऱ्याने विष घातलं होतं की काय? आमच्याकडे काल जेवताना दुसरा विषय नव्हता." हाबोने पुडी बांधली, सुटे पैसे दिले, दार उघडून धरलं. मग गल्ल्यामागे परत गेला आणि इथला रामराम घालावा तसं म्हणाला, "मोइन." एवढंच. त्यानंतर तो एक डबा पुसायला लागला, जो स्वच्छ होता.

"त्या बिननावाच्या चहाची पुडी कुठे ठेवलीय?" टोम्माने विचारलं. "शनिवारी जाताना खिडकीत दिसली होती."

"काढली. मुका चहा कोण घेणार?"

"त्यात काय घातलं होतं ते मी ओळखलेलं नाही असं समजू नका."

"तुम्ही लिहिलंय की ओळखण्यासारखं काही नव्हतं."

"बिही," टोम्मा म्हणाली. "सुकवलेली. शहाजिरं, अगदी कमी. धुरावलेली पत्ती चिमूटभर, आणि तीसुद्धा जुनी. मेणासाठी काय घातलंत ते मात्र कळलं नाही."

हाबोचा फडक्यावरचा हात थांबला. "लिंडनच्या झाडाची फुलं. मधाच्या डब्यात ठेवून." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "वर्ष लागलं. उंबऱ्यावरून जेवढं कळलं तेवढंच. आतलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे चुकलंही असेल. चुकलं असेल म्हणूनच तुम्ही..."

"नाही चुकलं. हाबो, ऐका. घरी मी एकच कप पिते. उब्बो गेल्यापासून. एक कप, आणि चमचा आत. मलाच माहीत नव्हतं, मुलीने सांगितलं. त्या दिवशी माझ्या हाताला वाटलं मी घरी आहे. म्हणून ठेवला. आणि घरी त्याची चव लागली नाही, कारण घरात तोच वास आहे, आणि तो आपल्याला येत नाही. बाहेर जाऊन परत आले तेव्हा आला." तिला धाप लागली होती. एवढं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. "मला तुमचा चहा नको होता असं नव्हतं. तुम्ही मला नको होता असंही नव्हतं. हे एवढं सांगायला आले."

हाबोने फडकं घडी घालून ठेवलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. तो अंगाने मोठा माणूस होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "आता ते सगळ्या गावाने वाचलंय," तो म्हणाला.

"वाचू दे. येत्या रविवारी दुसरं वाचतील. पण त्यासाठी मला तीन कप प्यावे लागतील, आणि ते इथे नाही. बुधवारी दुपारी घरी या. आत या."

तो आला. उंबऱ्यावर पाय पुसत जरा जास्तच वेळ थांबला, तेव्हा तिला म्हणावं लागलं, "येताय ना? वारा शिरतोय." आत येऊन त्याने कपाटावरची बिहीची फळं पाहिली आणि "अच्छा, ही," असं म्हणाला, आणि उब्बोच्या रेनकोटाकडे पाहून स्वतःचा भिजलेला कोट त्याने शेजारच्या खुंटीला लावला. टेबलावर कप मांडलेले होते, शेगडीखाली मेणबत्ती लावलेली होती. टोम्माने खडीसाखर टाकली, वरून त्याचाच चहा ओतला, खडे तडकले, आणि दोघंही तो आवाज संपेपर्यंत थांबले. तिने घोट घेतला. चहा मुका असणार हे तिने गृहीत धरलं होतं, पण तो पूर्ण मुका नव्हता. मागे काहीतरी होतं, थोडं वेलदोड्याचं, थोडं ओल्या लोकरीचं. दार उघडं राहिल्यामुळे असेल, की त्याच्या कोटामुळे, की आणखी कशामुळे. शोधून काढायला हवं, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या कपाला त्यांनी बेकरीवाल्याच्या बायकोची टवाळी केली. तिसऱ्याला ते गप्प बसले. बाहेर पाऊस आडवा येत होता आणि कुणालाही घाई नव्हती.

"रविवारी काय छापणार?" शेवटी हाबोने विचारलं. कप रिकामा करून तो बशीत काहीतरी शोधत होता, मग टेबलावर, मग सायीच्या वाडग्याच्या मागे. "माझा चमचा दिसत नाही."

"खणात आहेत."

"सगळे?"

"सगळे."

हाबोने खणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग पुरे झालं हे सांगायचं कसं?"

टोम्माने त्याचा कप आपल्याकडे ओढला, किटली उचलली आणि विचारलं, "खडा एक टाकू की दोन?"